बहाद्दर म्हणायचे कोणी?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी जन्मभर इतिहास शिकवला. तेव्हा त्यांच्या नावाने बोलायचे तर विषय इतिहासाच्या अंगाने जाणाराच हवा, म्हणून मी निवडला आहे तो शूर, बलवान, पराक्रमी अशा अर्थाच्या नावांचा आणि किताबांचा. जगातल्या सगळ्या भाषांची यादी वाचून दाखवायचा माझा विचार नाही. तशा याद्या बारशाच्या पुस्तकांत भरपूर मिळतात आणि त्यातून बाळाचे नाव ठरण्यापलीकडे काही निष्पन्न होत नाही. मी एकच शब्द धरणार आहे आणि तो नेईल तिकडे जाणार आहे. तो शब्द 'बहाद्दर'.

मूळचा 'बहादुर'. आपण त्यात आणखी एक 'द' घातला आणि त्याला जरा दणका आणला. पोरगा झाडावरून पडूनही रडला नाही की आजोबा पाठ थोपटून म्हणतात, "शाब्बास रे बहाद्दर!" आणि तोच पोरगा मोठा होऊन तीनदा नापास झाला की तेच आजोबा म्हणतात, "आले आमचे बहाद्दर!" शब्द तोच, माणूसही तोच. म्हणणाऱ्याची मर्जी तेवढी फिरली. आज मला बोलायचे आहे ते या म्हणणाऱ्याविषयी. शूर माणसावर आपण पोवाडे रचतो, पण त्याला शूर ठरवतो कोण, हे सहसा विचारत नाही.

हा शब्द मध्य आशियातल्या गवताळ मुलखातला, तुर्क आणि मंगोल घोडेस्वारांच्या तोंडचा. त्याचे जुने रूप 'बगातुर', मध्ययुगीन मंगोल भाषेत 'बाआतुर', आजच्या मंगोलियात 'बातार'. चंगीझखानाचा बाप येसुगेई बाआतुर. त्याचा सर्वांत कसलेला सेनापती सुबुताई, तोही बाआतुर. खान व्हायला कूळ लागे. बाआतुर व्हायला नुसते कूळ पुरत नसे, काही करून दाखवावे लागे. बापाचे बाआतुरपण मुलाकडे आपोआप येत नसे.

तेराव्या शतकातल्या 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या ग्रंथात चंगीझखानाची एक आज्ञा आहे. एक हजार बाआतुर निवडा, लढाईच्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे उभे राहून लढायचे आणि एरवी दिवसा माझ्या पहाऱ्यावर राहायचे, असा तिचा आशय. रात्रीच्या पहारेकऱ्यांची तुकडी वेगळी. म्हणजे ज्या हजार जणांना खानाने अधिकृतपणे 'शूर' ठरवले, त्यांचे रोजचे काम दारावर उभे राहण्याचे होते. आत कोण येतो, बाहेर कोण जातो, यावर नजर ठेवायची. लढाई वर्षातून काही दिवस, पहारा मात्र रोजचा. हे ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

मंगोलियाच्या राजधानीच्या नावातही हाच शब्द आहे. पूर्वी परदेशी लोक त्या शहराला उर्गा म्हणत. १९२४ मध्ये त्याचे 'उलानबातर' झाले, म्हणजे लाल वीर. क्रांतीचा नेता दामदिन सुखबातर १९२३ मध्ये ऐन तिशीत वारला होता. त्याच्या नावातला 'सुख' म्हणजे कुऱ्हाड. आपल्या सुखाशी त्याचा काही संबंध नाही.

घोड्यावर बसलेला शब्द एका जागी थांबत नाही. तो पश्चिमेकडे गेला तेव्हा रशियनांनी त्याचा 'बोगातिर' केला. रशियन वीरगाथांचे नायक ते बोगातिर, आणि त्यांतला सर्वांत लाडका इल्या मुरोमेत्स. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह कलादालनात वास्नेत्सोव्हचे १८९८ मध्ये पुरे झालेले एक प्रचंड चित्र आहे. तीन बोगातिर घोड्यांवर बसून सीमेवर उभे आहेत आणि मधला इल्या कपाळावर आडवा हात धरून लांबवर बघतो आहे. रशियात शाळकरी पोरालाही हे चित्र माहीत असते. आता तो बघतो आहे कुणाकडे? गवताळ मुलखातून चालून येणाऱ्या शत्रूकडे. वीरगाथांतून त्याचा सामना पुन्हा पुन्हा तातारांशी होतो. ज्यांच्यापासून रशियाचे रक्षण करायचे, त्यांच्याच भाषेतला किताब मिरवत हा वीर तिथे उभा आहे.

ही गंमत फक्त रशियाची नाही. हंगेरियन भाषेत 'बातोर' म्हणजे शूर. त्या देशात न्यीरबातोर नावाचे गाव आहे आणि बाथोरी नावाचे मोठे घराणे होऊन गेले. त्या घराण्यातला स्तेफान बाथोरी १५७६ मध्ये पोलंडच्या गादीवर बसला. पोलिश भाषेत वीरनायकाला म्हणतात 'बोहातेर'. शब्द तोच, दोन वाटांनी एकाच देशात पोचलेला. आपल्याकडे कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, बहुतेक बायका आणि मुले. सैबेरियाच्या छावण्यांतून सुटून, इराणमार्गे, कुठे कुठे फिरत ती माणसे पंचगंगेच्या काठी आली. त्यांच्या शाळेत मुलांना पोलंडच्या बोहातेरांचे धडे आणि शेजारच्या तालमीत मल्लांना 'बहाद्दर' म्हणून आरोळ्या. दोन्हीकडे एकच शब्द चालला आहे, याची कल्पना त्या वेळी कुणाला आली असेल असे वाटत नाही.

दक्षिणेकडे तो फारसीच्या मार्गाने उतरला आणि इथे त्याचा स्वभाव बदलला. गवताळ मुलखात तो पराक्रमाने मिळत असे, दरबारात तो फर्मानाने मिळू लागला. जंग, खान, दौला यांच्या मागे 'बहादुर' ही शेपटी लागली. मग राजपुत्रांना तो जन्मापासूनच मिळू लागला. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ मध्ये पोर्तुगीजांशी तह करून वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे देऊन टाकली. तीन वर्षांनी त्याच पोर्तुगीजांनी दीवच्या समुद्रात त्याला मारले. दिल्लीचा शेवटचा बहादूरशहा १८६२ मध्ये रंगूनला कैदेत वारला. कवी म्हणून तो मोठा होता, पण त्याच्या नावातल्या बहादूरचे ओझे वयाच्या ऐंशीनंतर १८५७ च्या शिपायांनी त्याच्या गळ्यात घातले होते.

आता आपल्या मुलखात येऊ. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीगोंदे तालुक्यात भीमेच्या काठी पेडगाव आहे. तिथल्या भुईकोटाला औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश याच्यावरून बहादूरगड हे नाव पडले. १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडलेल्या संभाजीराजांना याच किल्ल्यात औरंगजेबापुढे उभे केले गेले. पुढचे मी सांगायला नको. आता त्या किल्ल्याला धर्मवीरगड म्हणतात. नाव बदलणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला पूर्ण आदर आहे. माझे लक्ष जाते ते एवढ्यावरच, की 'बहादूर' काढून 'वीर' घातला. दोन्हींचा अर्थ एकच. पूर्वी तो शब्द पकडणाऱ्याच्या बाजूने होता, आता पकडल्या गेलेल्याच्या बाजूने आहे. दगड तेच, बुरूज तेच, 'शूर' कुणाला म्हणायचे हे ठरवणारी माणसे मात्र बदलली.

शिवाजीमहाराजांनी राज्यकारभारातले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द आणण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, हे आपण जाणता. सरनौबतांना त्यांनी दिलेली नावेही त्याच वळणाची. कुडतोजी गुजर झाले प्रतापराव. हंसाजी मोहिते झाले हंबीरराव. 'हंबीर' ऐकले की रणथंबोरचा हमीर आठवतो आणि अस्सल रजपुती, अस्सल देशी नाव वाटते. पण विद्वान सांगतात की 'हम्मीर' हे अरबी 'अमीर'चे संस्कृत कानाला ऐकू आलेले रूप. गझनीच्या सुलतानांशी गाठ पडली तेव्हा शिलालेखांतून शत्रूला 'हम्मीर' म्हटले गेले, आणि पुढे दोन-तीन शतकांत तेच नाव आपल्या राजपुत्रांना शोभू लागले. वीराला शत्रूच्याच भाषेतले नाव, हे रशियात झाले तेच आपल्याकडेही झाले. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्याची धास्ती खाल्ली त्याचा शब्द मनात खोल बसतो.

प्रतापरावांचे प्रकरण मात्र नुसते नाव म्हणून सोडून देता येत नाही. १६७३ मध्ये उमराणीला त्यांनी विजापूरच्या बहलोलखानाला कोंडीत धरले, त्याचे पाणी तोडले, तो शरण आला आणि यांनी त्याला सोडून दिले. शरण आलेल्याला सोडणे हे एरवी मोठ्या मनाचे लक्षण. पण खान उलटला आणि पुन्हा स्वराज्यावर चालून आला. महाराजांचे खरमरीत पत्र आले, खानाचा फडशा पाडल्याशिवाय तोंड दाखवू नका अशा अर्थाचे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मूठभर स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामी आले. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे ही घटना घराघरात पोचली. त्या पत्राचा विचार मात्र फार होत नाही. किताब देणाऱ्याकडे तो परत मागण्याचाही हक्क असतो. कुडतोजी गुजर या नावाच्या माणसाला कदाचित जगता आले असते. प्रतापराव या नावाने ती सोय ठेवली नव्हती.

मराठी दौलत वाढली तसा आपणही 'बहादुर' सढळ हाताने वाटू लागलो. राजारामांच्या काळात चव्हाणांना 'हिंमतबहाद्दर' मिळाला. १७२० मध्ये बाळापूरच्या लढाईनंतर शाहूमहाराजांनी दमाजी गायकवाडांना 'समशेरबहाद्दर' केले आणि बडोद्याच्या महाराजांच्या बिरुदावलीत तो शेवटपर्यंत टिकला. शिंद्यांचे 'अलिजाबहाद्दर' आपण ऐकतोच. बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगाही समशेरबहाद्दर, पण त्याचा किताब नव्हता, ते नावच होते. पुण्याच्या ब्रह्मवृंदाने मुंज नाकारलेल्या त्या मुलाला हे नाव घेऊन पानिपतावर जावे लागले आणि तिथल्या जखमांनी तो गेला. किताब मिळवणारे आणि किताबाला जागणारे हे दोन वर्ग आहेत. ते नेहमी एकच असतात असे नाही.

शत्रूने दिलेल्या शाबासकीबद्दल एक सांगतो आणि पुढे जातो. १६६५ मध्ये पुरंदरला वेढा घालून बसलेला मोगल सरदार मूळचा जलालखान. त्याचा किताब दिलेरखान, म्हणजे काळजाचा माणूस. धैर्य शरीरात राहते कुठे, यावर माणसांचे एकमत नाही. फारसीत ते दिलात आणि जिगरात, म्हणजे काळजात आणि यकृतात. चिनी माणसाच्या मते ते पित्ताशयात, शूर माणसाचे पित्त मोठे. आपण कधी छातीत म्हणतो, कधी काळजात, आणि मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागताना नेमके यकृत मागतो. असो. बखरकार सभासदाने लिहिले आहे की पुरंदरचा किल्लेदार मुरारबाजी सातशे माणसे घेऊन दिलेरखानाच्या छावणीवर तुटून पडला आणि त्याची तलवार बघून खान थक्क झाला, कौल घे म्हणाला. मुरारबाजीने कौल झिडकारला आणि तो पडला. त्याच्या नावापुढे कुठलाही किताब नव्हता. खुद्द 'दिलेर' म्हणवणाऱ्याने समोरच्याला दिलेर ठरवले, त्यापुढे फर्मानाची गरज राहत नाही.

मग आली कंपनी. ती आली तीच 'कंपनी बहादूर' म्हणून. तागडी आणि तलवार दोन्ही घेऊन आलेल्या व्यापाऱ्याने पहिला किताब स्वतःलाच लावून घेतला. पुढे इंग्रज सरकारने जिना बांधला. पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या हिंदूंना रावसाहेब, मग रावबहादूर, उत्तरेकडच्या हिंदूंना रायबहादूर, मुसलमानांना आणि पारशांना खानबहादूर, आणि वरच्या पायरीवर दिवाणबहादूर. फौजेतल्या देशी अधिकाऱ्यांना 'सरदार बहादूर' मिळे, त्यांनी निदान बंदूक धरलेली असे. बाकीच्यांत मामलेदार होते, डॉक्टर होते, पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर होते, कापसाचे अडते होते. न्यायमूर्ती रानडे रावबहादूर होते. लोकहितवादी रावबहादूर होते. इतिहासाची कागदपत्रे जिवापाड जपणारे पारसनीस रावबहादूर होते. ही माणसे मोठीच होती. काहींनी समाजाविरुद्ध जाण्याचे धैर्यही दाखवले, पण सरकारने त्यांना बहादूर केले ते त्या धैर्याबद्दल नव्हे. चंगीझखानाच्या पुढ्यात उभा राहणारा बाआतुर सहाशे वर्षांनी पुण्याच्या सदाशिव पेठेत उपरणे घालून, छत्री घेऊन उतरला.

१९२० च्या असहकाराच्या कार्यक्रमात पदव्या परत करणे हे एक कलम होते. काहींनी केल्या. पुष्कळांनी नाही केल्या, कारण दारावरची पाटी रंगवून झालेली होती. स्वतंत्र भारताच्या घटनेने अठराव्या कलमात किताब देणेच बंद केले. अपवाद ठेवला तो सैनिकी आणि विद्याविषयक सन्मानांचा.

इंग्रजांनी एका बाजूला 'बहादूर' वाटला आणि दुसऱ्या बाजूला ज्यांचा हक्क होता त्यांच्याकडून तो काढून घेतला. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १८५७ नंतर फौजेत एक सिद्धांत रुजला. काही जाती 'लढाऊ', बाकीच्या नाहीत. लॉर्ड रॉबर्ट्स हा त्याचा मोठा पुरस्कर्ता. शीख लढाऊ, गुरखे लढाऊ, पठाण लढाऊ. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. यांचे पूर्वज शिवकाळापासून किल्ल्यांच्या राखणीला होते. यांच्या माणसांची नावे १ जानेवारी १८१८ च्या लढाईसाठी खुद्द कंपनीने कोरेगाव भीमाच्या स्तंभावर कोरली होती. त्यांना एका कार्यालयीन हुकमाने सांगितले की तुम्ही शूर नाही. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी याविरुद्ध अर्ज लिहिला आणि फौजेत पुन्हा घ्या म्हणून मागणी केली. शौर्य सिद्ध करायला रणांगण हवे आणि रणांगणावर जायला आधी शूर असल्याचा दाखला हवा, अशी ती कोंडी. सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी त्याच सुमारास धाकटा मुलगा वाढत होता. त्याचे नाव भीमराव. महार रेजिमेंट उभी राहायला ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. तेव्हा दुसरे महायुद्ध पेटले होते आणि सरकारला माणसे हवी होती. गरज पडली की शूरांची यादी लांबते.

त्याच महायुद्धात इटलीत मराठा पलटणीच्या दोन जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. नामदेव जाधवांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदी ओलांडून, गोळ्यांच्या वर्षावात जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन परत आणले आणि मग पुन्हा जाऊन शत्रूची ठाणी उडवली. आयांनी यांची नावे ठेवताना शौर्याचा विचार केलेला दिसत नाही. एकाला यश मिळो म्हटले, दुसऱ्याला थेट पंढरपूरच्या वाटेवरच्या संताचे नाव दिले.

'बहादूर' नावाला सर्वांत जास्त जागला तो, माझ्या मते, ज्याने शेवटी हातात तलवार न घेता ते पेलले. शिखांचे नववे गुरू जन्माने त्यागमल. कर्तारपूरच्या लढाईत मुलाने दाखवलेल्या शौर्यावरून वडिलांनी, गुरू हरगोविंदांनी, त्यांना तेगबहादूर केले, असे शीख परंपरा सांगते. पण आज ते आठवतात ते १६७५ मध्ये दिल्लीत दुसऱ्यांच्या धर्मासाठी मान पुढे केली म्हणून. त्यांचे चिरंजीव १७०८ मध्ये नांदेडला आले. तिथे गोदाकाठी त्यांना भेटलेल्या बैराग्याचा पुढे बंदा बहादूर झाला.

नेपाळमध्ये या शब्दाची आणखीच वेगळी गत झाली. जंगबहादूर राणांचे मूळ नाव वीर नरसिंह कुंवर. इथे 'वीर' जाऊन 'बहादूर' आला, पेडगावच्या उलट. १८४६ मध्ये कोतच्या कत्तलीनंतर सत्ता त्यांच्या हाती आली. १८५७ च्या युद्धात ते इंग्रजांच्या मदतीला लखनौवर फौज घेऊन गेले, आणि तेच युद्ध हरून तराईत आलेल्या पेशव्यांच्या घरच्या स्त्रियांना त्यांनी आसराही दिला. त्यांचे भाऊ बहादूर, पुतणे बहादूर, आणि दरबाराचे बघून मग प्रजाही बहादूर. टेकबहादूर, लोकबहादूर, तुलबहादूर. नावाच्या मधोमध हा शब्द असणे ही तिकडची रीतच होऊन गेली.

आणि मग तो माणूस मुंबईत आला, पुण्यात आला. गृहनिर्माण संस्थांच्या फाटकावर त्याला एक खुर्ची, एक शिट्टी आणि एक नोंदवही मिळाली. वहीत रकाने असतात: नाव, कुणाकडे, गाडी नंबर, वेळ, सही. दूधवाल्यापासून कुरिअरच्या पोरापर्यंत सगळ्यांची नावे त्या वहीत असतात. ती भरून घेणाऱ्याचे नाव मात्र संस्थेच्या पगारपत्रकातही पुष्कळदा नुसते 'बहादूर' असते. जुना गेला, नवा आला, तोही बहादूर. तो गुरुंग असेल, थापा असेल, आसामातला असेल, कधी कधी तर बिहारमधला असतो. आपण त्याला एक शब्द देऊन मोकळे होतो. चंगीझखानाने हजार बाआतुरांना जे रोजचे काम दिले होते तेच हा करतो आहे. त्यांच्या पगाराचे मला ठाऊक नाही, पण निदान त्यांची निवड खानाच्या हुकमाने होत असे. इथे वार्षिक सभेत सर्वांत जास्त वेळ चर्चा होते ती बहादूरच्या दिवाळीवर.

आता एक अडचणीची गोष्ट. आतापर्यंतच्या या सगळ्या शब्दयात्रेत बाई कुठेच नाही. त्याचे कारण शब्दांच्या मुळाशीच आहे. संस्कृत 'वीर' आणि लॅटिन 'विर' हे सख्खे भाऊ, आणि लॅटिनमध्ये 'विर' म्हणजे नुसता पुरुष. ग्रीक भाषेत धैर्याला 'आंद्रेइया' म्हणतात, तेही पुरुष या शब्दावरून, आणि आपण मर्दपणा म्हणतो तेही. प्लेटोने त्यावर 'लाखेस' हा अख्खा संवाद लिहिला, त्यात दोन सेनापती धैर्याची व्याख्या करायला बसतात आणि शेवटपर्यंत जमत नाही. त्याच मुळापासून निघालेले 'आंद्रेआ' इटलीत मुलाचे नाव आहे आणि जर्मनीत मुलीचे. लॅटिनमध्ये बलवान असणे या अर्थाच्या धातूवरून निघालेले 'व्हॅलेरियन' हे नाव आपल्या कार्डिनल ग्रेशियसांचे, भारतातले पहिले कार्डिनल. त्याच धातूवरून 'व्हॅलेंटिना', आणि १९६३ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या बाईचे नाव तेच. युरोपात मुलींना थेट बळाची नावे देण्याची जुनी चाल आहे. 'मॅटिल्डा' म्हणजे रणातली ताकद. आपण मुलींना नावे दिली ती नद्यांची, फुलांची, फार तर दुर्गेची. आणि लढणारीला 'मर्दानी' म्हटले, म्हणजे पुरुषासारखी.

राजाराममहाराजांच्या मागे ताराबाईंनी औरंगजेबाच्या अफाट फौजेला सात वर्षे झुंजवले. त्यांच्या हुशारीची आणि राज्यकारभाराच्या, लष्कराच्या जाणिवेची साक्ष मोगलांचा इतिहासकार खाफीखान देतो. पुन्हा शत्रूच. आपल्या दरबाराने त्यांना काय दिले? पन्हाळ्यावर कैद.

शेवटी आणखी एका प्रकारच्या नावांकडे वळतो. या नावांना बळाची नावे म्हणायला आपली जीभ धजत नाही. दगडू. धोंडू. धोंडीबा. मुले जगत नसत तेव्हा आया ही नावे ठेवत. केराच्या टोपलीत घालून परत उचलत आणि केरू म्हणत, मूठभर कोंड्याला विकून परत घेत आणि कोंडाजी म्हणत. दगडाला दृष्ट लागत नाही आणि सटवाईने त्याच्या कपाळी काही लिहिले तरी उठत नाही, असा त्यामागचा हिशेब. मंगोलियात हीच रीत आहे. तिथे मुलाला 'नेरगुई' म्हणतात, म्हणजे बिननावाचा, 'एनेबिश' म्हणतात, म्हणजे हा नव्हे. मृत्यू आला की त्याने चुकून पुढे जावे. आणि तिथे 'चुलून' हे नाव आहे, त्याचा अर्थ दगड. अगदी आपला दगडू. 'बोल्ड' हे नाव तिथे सर्रास आढळते. ते पोलाद, आणि शब्दही आपल्या पोलादाचाच, फारसीतून दोन्हीकडे गेलेला. 'चुलूनबातर' असेही नाव असते: आईचा दगड आणि खानाचा वीर एका माणसात.

पुण्यात दगडू म्हटले की दगडूशेठ हलवाईच डोळ्यांपुढे येतात. त्यांचा मुलगा प्लेगात गेला असे सांगतात, आणि त्या दुःखातून त्यांनी नि लक्ष्मीबाईंनी बसवलेल्या गणपतीपुढे आज रांगा लागतात.

धोंडोपंतांचे मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे. धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८. मुलकी परीक्षेला बसायला मुरूडहून डोंगर ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथे परीक्षकांनी परत पाठवले, कारण मुलगा वयाने लहान दिसतो. अंगाने किरकोळ, बोलायला संकोची. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात आलेली ही पहिली विधवा. मुरूडच्या लोकांनी बहिष्काराचा ठराव केला. त्यात एक कलम असे की कर्वे गावात आले तर आईच्या घरीही त्यांना थारा देऊ नये. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून धोंडोपंत हिंगण्याला अनाथ बालिकाश्रमापर्यंत पायी जात, माळरानातून, चिखलातून, वर्षानुवर्षे. गोदूबाईंचे, म्हणजे बाया कर्व्यांचे, त्याहून अवघड. बहिष्कार दोघांवर होता, पण विधवेने पुन्हा कुंकू लावले म्हणून रस्त्यात तोंड फिरवणाऱ्या बायका भेटायच्या त्या त्यांना.

इंग्रज सरकारच्या रावबहादुरांच्या यादीत धोंडोपंत कधी आले नाहीत. १९५८ मध्ये, वयाची शंभरी भरली तेव्हा, त्यांना भारतरत्न मिळाले. गोदूबाई तोपर्यंत गेल्या होत्या.